पेटीचा दर

आबा गेले ते सकाळच्या चहाआधी, कुणालाही त्रास न देता. त्रास त्यानंतर सुरू झाला, आणि तो दिला त्यांच्या थोरल्या मुलाने, गुंडा सुभेदाराने.

धाकटा जयराज अजून फौजेत, आसामात. फोनवर तो म्हणाला, "दादा, उद्या दुपारपतुर कसंबी करून पोचतो. आबांचं तोंड बघू दे मला. तवर उचलू नगासा." आणि फोनवरच रडायला लागला. दिवस वैशाखाचे. आबांना उद्यापर्यंत ठेवायचं तर फ्रीजरची पेटी हवी, आणि आष्ट्यात पेटी मिळायची ती आप्पासोकडेच.

"वाईट झालं, सुभेदार. लय भला माणूस," आप्पासो फोनवर म्हणाला. "पेटी लगेच धाडतो. दिवसाला आठ हजार."

"आठ? गेल्या साली शेजारच्या म्हातारीला तीन घेतलंवतंस की रं!"

"तवा सांगलीवाला दर पाडायचा, म्हणून मीबी पाडायचो. त्यानं धंदा बंद केला. त्याच्या पेट्या आता माझ्याकडंच हायती. आन् पेटीबरोबर स्वर्गरथ, लाकडं, हार आमचंच घ्यावं लागतंय. नुसती पेटी देत न्हाई आमी."

गुंडाने फोन आपटला. सुभेदार फौजेत शत्रूपेक्षा कॅन्टीनवाल्याशी जास्त लढले, असं त्यांची बायको हरणाबाई चारचौघांत सांगायची. गुंडाने कुठूनसा सांगलीचा नंबर मिळवून लावला.

"बोला सुभेदार, आवाज वळखला," पलीकडून आप्पासो म्हणाला.

मग मिरजेचा नंबर. फोन एका पोरीने उचलला. ती म्हणाली, "एक मिनिट, सरांना देते." सर म्हणजे आप्पासोच.

"कशाला दमताय? कुठंबी लावा, मीच उचलणार. आन् दुपारनंतर नऊ हुतील बरं का. उन्हाळ्यात मागणी आसती."

मागणी हा शब्द ऐकून गुंडाचं डोकंच फिरलं. घरात बाप निपचित पडलाय आणि हा मागणीच्या गोष्टी करतो! त्याने शेजारच्या धुळाला हाक मारली. "टेंपो काढ. सांगलीसनं बर्फाच्या लाद्या घिऊन ये. बघतोच ह्येच्या पेटीकडं."

दुपारी बर्फ आला. खाली लाद्या, त्यावर गोणपाट, त्यावर आबा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला गुंडा आधी बाप कसा गेला ते सांगे आणि लगेच बर्फ केवढ्याला पडला ते सांगे. बाहेर अंगाची काहिली होत होती, त्यामुळे भेटायला आलेली माणसं आत जी बसली ती उठेचनात. आबांबद्दलचं दुःख खरं होतं, पण गारवाही खराच होता. एकदोघांनी तर लाद्यांना पाठ टेकली.

ऊन कलायला लागलं तसं पाणी सुटलं. आधी बायकांची लुगडी भिजली, मग पाणी उंबऱ्याबाहेर गेलं आणि हार त्याच्याबरोबर अंगणात निघाला. एक लादी एका अंगाने जास्त वितळली आणि आबा हळूहळू भिंतीकडे कलले. चौघांनी धरून त्यांना सरळ केलं आणि खाली दोन विटा लावल्या. एवढ्यात बर्फाच्या दुसऱ्या खेपेला गेलेला धुळा रिकामा टेंपो घेऊन परत आला.

"दर दुप्पट सांगतंय, सुभेदार. लग्नसराई हाय म्हणं. तिथंबी बर्फवाला एकटाच हाय."

आबांची बायको मनुबाई सकाळपासून त्यांच्या उशाशी बसून होती. तिने आबांच्या धोतराचा सोगा हातात धरून पिळला. पाणी भळकन खाली पडलं.

"गार पाणी सोसत न्हवतं रं त्यास्नी," ती म्हणाली. "वैशाखात बी ऊन पाणी मागायचं. आन् तू दराच्या पायी भिजत घातलायस व्हय माझ्या माणसाला?"

दिवसभर सगळ्यांशी भांडणारा गुंडा तिथेच ओल्या फरशीवर बसला आणि ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्याने फोन लावला.

"आता धा हुतील," आप्पासो म्हणाला. "भिजलेल्या अंगाला मशीन लय लाईट खातंय."

"धाड," गुंडा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जयराज वर्दीतच आला. पेटीच्या काचेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला. आबा झोपल्यासारखे दिसत होते. तेवढा वेळ दराचा विषय कुणी काढला नाही.

दहावा झाल्यावर आप्पासो हिशेबाला आला. गुंडाने मुकाट्याने पैसे दिले. आप्पासो उठणार, तोच आतून मनुबाई आली.

"फुडल्या साली किती करणार रं पेटीचं?"

"वाढणारच की, आज्जी. समदंच वाढतंय."

मनुबाईने कनवटीची पुरचुंडी सोडून त्याच्यापुढे ठेवली. "मग माझं आजच्या दरानं आत्ताच धरून ठेव."

"आई, काय बोलतीयास हे?" गुंडा ओरडला.

"तू गप. तुझ्या बाचं बघितलं मी. माझ्या येळंला बर्फ आणचील."

आप्पासो गांगरला. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्याला असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. "आज्जी, आसं आगाऊ कसं धरू? तारीख काय धरू?"

"तूच सांग," मनुबाई म्हणाली. "ज्या दिशी मागणी कमी आसंल, त्या दिशी जाते."

आप्पासोचे डोळे खरोखरच भरून आले. त्याने ते रुमालाने पुसले आणि पुरचुंडी उचलली.