इर्माबाईंच्या मनोगताची हकिकत

श्रीशारदा प्रसन्न, कुलसचिव अर्धे प्रसन्न. शके एकोणीसशें पंचेचाळीस, वैशाख मासी, एका विद्यापीठराज्यी ऐसा प्रसंग गुदरला की दाही दिशा दणाणल्या आणि तख्ते डळमळली. प्रसंग म्हणजे, संगीत विभागाच्या एका अध्यापिकेने सभागृह मागितले आणि ते मिळाले नाही.

अध्यापिका इर्माबाई तुस्कानो, मूळ वसईच्या. दिवसा राज्याची चाकरी करून मुलांकडून सरगम घोटवून घेत, आणि शनिवारी सायंकाळी शहरातील एका हॉटेलात जॅझ गात. तेथे लोक मासळीची वाट पाहत, काटेचमचे वाजवीत आणि मधूनमधून ऐकत. बाईंची आस एकच, की आपले गाणे आपल्याच विद्यार्थ्यांनी, आपल्याच सभागृही, हाती चमचा नसता एकदा ऐकावे. सभागृही पियानो होता, त्यावर सत्काराचे गुच्छ ठेवीत. बाई येताजाता त्याच्या झाकणावरून हात फिरवीत आणि वर्गावर जात. ऐसी वर्षे लोटली, आणि केस पिकले, आणि आस मात्र तरणीच राहिली. दरसाल स्नेहसंमेलनाआधी बाई विभागप्रमुख किंजवडेकर सरांच्या दरबारी उभ्या राहत. "सर, या खेपेला मला अर्धा तास द्या की." "बाई, तुमचा गळा गोड आहे हो. पण त्या गाण्यात सम कुठे येते तेच कळत नाही." "येते सर. जरा उशिरा येते, नटूनथटून." "आपल्याकडे वेळेवर येतात. बसा, चहा घ्या." मग चहा होई, आणि सभागृह हार्मोनियमवादनास जाई.

मग बाईंच्या निवृत्तीचा दिवस उगवला. या राज्याचा कुळाचार ऐसा, की चिठ्ठी पाठवून कोणाचेही भाषण तोडावे, कुलगुरूंचेही. परंतु निवृत्त होणाराचे मनोगत तोडणे महापाप. भूगोलाचे एक गृहस्थ दिवेलागणीपर्यंत बोलले, तरी कोणी हलले नव्हते. शाल जाहली, श्रीफळ जाहले, आणि सर पुकारते जाहले, "बाईंनी दोन शब्द बोलावेत." बाई उठल्या, आणि पियानोवरचे गुच्छ खाली ठेविले, आणि झाकण उघडिले, आणि गाऊ लागल्या. सर चिठ्ठी लिहू लागले, तों कुळाचार आठवला, मग चिठ्ठी खिशात गेली.

गाणे कोणा दूर गेलेल्याची वाट पाहण्याचे होते. पियानोच्या काही पट्ट्या मुक्या जाहल्या होत्या, तेथे बाई गळ्याने भरून काढीत. पुढे शब्द संपले, आणि बाई नुसत्याच दुबा-दाबा-दी ऐशा अक्षरांनी गाऊ लागल्या, आणि उरात जे राहिले होते ते सारे त्या अक्षरांत मावले. विद्यार्थी सवयीने समेवर टाळी देत, ती चुके, मग चुकत चुकत त्यांस जागा सापडली. पहिल्या रांगेतील एक मुलगी म्हणाली, "हे बाईंनी आपल्याला का नाही गं शिकवलं?" शेजारणीने डोळे पुसले. सरांचे पाऊल बिनपरवाना हलत होते.

तात्पर्य, मागून जे मिळाले नाही ते निरोपात मिळाले, आणि उद्यापासून बाईंस येथे यावयाचे नव्हते.

सर उठले, चष्मा पुसला. मग बाईंजवळ जाऊन हळू म्हणाले, "बाई, मनोगत लेखी द्याल ना? इतिवृत्ताला जोडावं लागतं. ते दुबा-दाबा तेवढं सुवाच्य काढा."