इवाईच्या ताटात सात्या

सात्या ओळखाव्या तर या यादोरावनं! उगाच फुशारकी नाही मारत. मोहाडीपासून तुमसरपर्यंत कोणालाही विचारा. रानात वारुळावर उगवलेली, टोपीला मधोमध टोक असलेली, अन् उपटायला गेलं की दांडा खोल खोल जमिनीत गेलेला, तीच खरी सात्या! बाकी सगळ्या कुत्र्याच्या छत्र्या. पावसाळ्यात ही रानातली अळिंबी मिळाली की आमच्याकडे मटणाला कोणी विचारत नाही.

त्या रविवारचा बेत म्हणूनच पक्का होता. उन्हाळ्यात आमच्या रुचिताचं लग्न झालं. तिचे सासरे भैय्यालालजी, म्हणजे माझे इवाई, चिखला गावच्या मँगनीज खाणीत नोकरीला. लग्नातल्या वांग्याच्या भाजीत मीठ नव्हतं, हे ते अजून चारचौघांत सांगतात! ते पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होते. पोरीच्या सासरी गेलेली इज्जत परत आणायचा हाच मोका होता.

सकाळीच रानात जाऊन पळसाच्या पानांत बांधून पुडाभर सात्या आणल्या. फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला, 'इवाईजीसाठी खास!' अन् पुडा बायकोच्या हाती दिला.

साधनानं आधी पुड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नक्की सात्याच हायेत ना?"

"काहून? माझ्यावर भरोसा नाही तुझा?"

"मागच्या साली लोकाची म्हैस आपली म्हणून हाकलून आणली होती तुमी!"

"म्हशीची गोष्ट वेगळी असते!"

तेवढ्यात इवाई मोटरसायकलवर आले. ताटं वाढली. लालभडक रस्सा, गरम भात. पहिला घास घेतला अन् इवाईंनी डोळेच मिटले.

"वा, यादोरावजी! काय सवाद हाय!"

"रानाचा सवाद हाय, इवाईजी! बाजारात असा भेटत नाही. एक तुकडा चावला का मी सांगतो, कोणत्या वारुळाची सात्या हाय!"

साधनाला एकदम ठसका लागला. पदर तोंडाला लावून ती आत गेली. मी आणखी वाढून घेतलं.

मग फोन वाजायला लागला. ग्रुपवर गावातल्या एका जाणत्या म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, 'यादोराव, हे खाऊ नका. जहरी दिसून राहिली.' खाली आमच्या गल्लीतल्या राजकुमारनं लिहिलं होतं, 'माझ्या मामसासऱ्याले अशीच खाऊन सलाईन लागली होती.' अन् त्याच्याही खाली कोणीतरी हात जोडून, 'भावपूर्ण श्रद्धांजली!' अरे, अजून ताटावरून उठलो नव्हतो मी!

तोंडातला घास ताटातच काढून ठेवला. जीभ जड झाली. माझं काय व्हायचं ते होवो, पण पोरीच्या सासऱ्याला जहर घातलं तर माझी रुचिता त्या घरात तोंड कसं दाखवेल? बिनमिठाची भाजी परवडली! मी गुपचूप फोन इवाईंपुढे धरला.

खाणीच्या पोटात उतरणारा माणूस, पण चेहरा पांढराफटक! "चाला दवाखान्यात!"

मोटरसायकल सुटली. मी मागे, इवाईंच्या कमरेला घोरपडीसारखा चिकटलेलो. आमच्यामागे साधना, हातात पळी घेऊन ओरडत धावत होती. बिचारी आत्ताच रडायला लागली, असं वाटून माझा जीव गलबलला.

"यादोरावजी, मले दोन दोन रस्ते दिसून राहिले!"

"मलेही! तुमी मधातून चाला!"

दवाखान्यात दोघांच्याही नाकातून नळ्या गेल्या अन् पोटातलं सगळं बाहेर आलं. डॉक्टर म्हणाले, "खाल्लं काय ते दाखवाल का? नमुना पाहिजे."

तेवढ्यात राजकुमारच्या गाडीवर मागे बसून साधना पोचली. तिनं डॉक्टरांच्या टेबलावर एक रिकामं पाकीट आपटलं.

"हे खाल्लं! सोयाबीनची वडी!"

"अन् सात्या?" माझा आवाज नळीतूनच आला.

"उकिरड्यावर फेकल्या! मले ते म्हैस आठवली ना! इवाईजीसमोर तुमची इज्जत जाऊ नये म्हणून चूप राहिली. मागं धावली, तं तुमी थांबाले तयार नाही!"

डॉक्टरांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. इवाईंनी रिकामं पाकीट उचलून दोन्ही बाजूंनी वाचलं.

रिकाम्या पोटी घरी आलो, तर शेजारच्या पंचफुलाकाकू कुंपणाशी उभ्या. "साधना वं, उकिरड्यावर पानाचा पुडा कोन फेकला? अस्सल सात्या, बाप्पा! मी उचलून नेल्या. घरभर खाल्ल्या आमी, बोटं चाटून!"

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! "आयकलं, इवाईजी? अस्सल! ओळखल्या होत्या का नाही मी?"

इवाईंनी सुजलेलं नाक चोळलं. "सात्या ओळखल्या, यादोरावजी. वडी नाही ओळखली."

वडी त्यांनीही ओळखली नव्हती, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बोललो नाही. शेवटी पोरीचं सासर आहे, भाऊ!