नाना थांबतात

नाना आठल्ये माणसाला प्रश्न विचारतात आणि मग खरोखरच उत्तराची वाट बघतात. 'बरं आहे ना?' ला 'हं' म्हणून सटकावं, तर मागून आवाज येतो, "विचारलंय मी काहीतरी."

एमआयडीसीतल्या आमच्या आंबा-पल्पच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो आणि नाना कंट्रोल पॅनेल. पॅनेलच्या पोटात तळहाताएवढा एक बोर्ड आहे. पंप, बॉयलर, शीतगृह, सगळं तो हाकतो. कारखान्यात डोकं असलेला तो एकटाच, बाकी आम्ही सगळे पगारी, असं नानांचं मत आहे.

हा बोर्ड प्रत्येक यंत्रात बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाला आळीपाळीने हाक मारतो. हाक जाते त्या सामाईक तारांना बस म्हणतात. एखाद्या कार्डाने वेळेत ओ दिली नाही की झाली बस एरर. इतर ठिकाणी अशा वेळी सगळं बंद पडतं आणि इंजिनीअर धावत सुटतात. नानांनी मात्र प्रोग्रॅमवर स्वतःचे संस्कार केलेत. हातातलं काम जपून ठेवायचं, जरा थांबायचं, पुन्हा हाक मारायची. तरीही ओ आली नाही, तर तेवढं कार्ड बाजूला ठेवून बाकीचा कारखाना चालू. "घरात एक माणूस आजारी पडला म्हणून कोणी चूल विझवत नाही," हे ते येताजाता ऐकवतात. कोणी विचारलेलं नसतं.

दुपारच्या सुट्टीत नाना घरी फोन लावतात आणि अवाक्षर न बोलता कानाला धरून बसतात. नानांच्या घरीही बस एरर आहे, असं आम्ही म्हणायचो.

यंदा ऐन हंगामात शीतगृहाचं कार्ड म्हातारं झालं. ओ द्यायचं, पण सावकाश. तेवढा वेळ बोर्ड खोळंबायचा, डबे भरणारं यंत्र अडखळायचं आणि मॅनेजरसाहेबांचा रक्तदाब चढायचा. थांबण्याचा वेळ कमी करा, असं त्यांनी फर्मावलं. नाना म्हणाले, मग बोर्ड त्या कार्डाला मेलेलं समजेल आणि आत पल्प नासला तरी कळणार नाही. वाद वाढला. वेळ कमी करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका, हा निरोप घेऊन साहेबांनी संध्याकाळी मला नानांच्या घरी पाठवलं. असली पुण्यकर्मं नेमकी माझ्याच वाट्याला येतात.

वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना मागे अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. त्याबद्दल 'आता बरी आहे' यापलीकडे नाना कधी बोलले नव्हते. कशा आहात, असं मी विचारलं. त्या नुसत्या बघत राहिल्या. अवघडून मी नानांशी आंब्याच्या भावावर बोलू लागलो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब. बोलत्ये ती."

थांबलो. वहिनींचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. नाना त्यांच्याकडे बघत होते. त्या चेहऱ्यावर घाई औषधालाही नव्हती, आणि दुपारच्या फोनवरून केलेल्या थट्टेची मला एकदम लाज वाटली.

"च... हा... घे."

"बघ," नाना म्हणाले आणि लग्नात व्याह्यांनी मान दिल्यासारखे ताठ चालत चहा टाकायला गेले.

चहा प्यायलो. पुन्हा येतो म्हटलं, त्यावर वहिनींचं 'ये' येईपर्यंत उंबऱ्यात उभा राहिलो. निरोप काही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, नाना काय म्हणाले?

"अजून उत्तर आलेलं नाही साहेब," मी म्हटलं. "पण येईल. जरा थांबा."