दत्तूकाकांचा सकाळचा प्रश्न

नवं लग्न झालेला पुरुष दिसला की आमचे दत्तूकाका 'कसा आहेस' वगैरे विचारत नाहीत. पालीच्या एसटी थांब्यावर, भर गर्दीत, खणखणीत आवाजात विचारतात, "काय रे, सकाळी जाग येताना ताठ होतं ना?" मग समोर येईल ती गाडी तो माणूस पकडतो. कोल्हापूरला जाणारी असली तरी.

आंब्याची कलमं बांधण्यात काकांचा जन्म गेला. पुरुषाचं तंत्रही त्यांनी झाडावरूनच बसवलंय. "निम्मं मुळातलं, निम्मं हवेतलं." आधी बापाच्या साखरेची चौकशी, मग पोराची झोप, दारू, काळज्या. सकाळचं उत्तर 'हो' आलं की "खोड शाबूत, हवा वाईट!" 'नाही' आलं की "चल डॉक्टरकडे, मी येतो सोबत."

मर्दानगीची पुडी विकणाऱ्या भोंदूंविरुद्ध मी चार पत्रकं काढली. गावाने त्यांत सुकट बांधली. भोंदूंची गिऱ्हाइकं पळवली ती काकांनीच.

गेल्या गणपतीत शेजारचा दिनेश मुंबईहून दहा दिवसांच्या रजेवर आला. बायको सुनंदा इथेच सासूजवळ असते. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. दोष सुनेचाच, दीड दिवसाचं विसर्जन झालं की तिला माहेरी धाडायचं, असं घरात ठरलं. सुनंदाची पिशवी पडवीत भरून ठेवलेली. मी स्त्रीच्या हक्कांवर बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका आले आणि सगळ्यांदेखत दिनेशला तोच प्रश्न!

दिनेश जमिनीकडे बघत म्हणाला, "सकाळी ठीक असतं, काका. पण इथे तिच्याजवळ गेलो की काहीच जमत नाही."

"निजता कुठे?"

"माजघरात. फळ्यांच्या आडभिंतीपलीकडे आई."

"आणि आई खोकते!" काका गरजले. "पलीकडे खोकला, अलीकडे पराक्रम! अशाने मोहोर धरेल काय गो, वहिनी? सुनेला कशाला धाडतेस? तूच जा आठ दिवस चिपळूणला लेकीकडे."

"मेल्या, माझा खोकला काढतोस?" दिनेशची आई उसळली.

दिनेशचे चुलते म्हणाले, "दत्त्या, तू नको शिकवू. तुझी बायको वांझ म्हणून माहेरी गेली, गावाला ठाऊक आहे."

काका सुनंदाच्या पिशवीशेजारी बसले.

"ती वांझ नव्हती," ते म्हणाले. "मला जमत नव्हतं. सकाळीसुद्धा. बापाची साखर माझ्यात उतरलेली. डॉक्टरकडे जायची लाज वाटली, म्हणून तिच्यावर ढकललं. दुसऱ्या घरी तिला दोन मुलगे झाले."

दिनेशच्या आईने सुनेची पिशवी ओढली, आतल्या साड्या बाहेर काढल्या आणि स्वतःची लुगडी भरायला घेतली.

परतताना मी भारावून म्हटलं, "काका, चारचौघांत एवढं सांगायला छाती लागते."

"चारचौघांत सोपं असतं रे," काका म्हणाले. "ती बाजारात समोर दिसली की मी अजून गल्ली बदलतो."