रुग्ण सहमत आहे

दातांच्या डॉक्टरांच्या घरात जगाच्या राजकारणावर बोलायची मुभा डॉक्टर सोडून सगळ्यांना होती. त्यांनी "मला वाटतं" म्हणायचा अवकाश, बायको म्हणायची, "आधी गॅस बंद करा." मुलगी कानात हेडफोन घालायची. नातेवाइकांच्या ग्रुपवरून तर त्यांना दोनदा काढलं होतं, दुसऱ्यांदा सख्ख्या आईने. मग माणसाने बोलायचं कुठे? दवाखान्यात! रुग्णाच्या तोंडात कापसाचे बोळे बसले, की डॉक्टरांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. कोणती महासत्ता उतरणीला लागली, कोणता तह किती दिवस टिकेल, सगळं ड्रिलच्या आवाजावर आवाज चढवून. रुग्ण "आँ, आँ" करायचा. डॉक्टर त्याला पाठिंबा समजायचे.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना बायकोने नवं सॉफ्टवेअर आणलं. तीही दातांचीच डॉक्टर, बाजूची खुर्ची तिची. दिव्याच्या दांडीला एक छोटा माइक लावायचा. डॉक्टर बोलतील ते तो ऐकणार, त्याचे मुद्दे काढणार आणि रुग्ण जिना उतरायच्या आत अहवाल त्याच्या मोबाइलवर.

"लिहायची कटकट गेली," ती म्हणाली. "फक्त कामाचं बोला म्हणजे झालं."

"मी कधी बिनकामाचं बोलतो?"

उत्तरादाखल बायकोने माइक चालू करून दाखवला.

पहिल्याच सकाळी आल्या समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. नऊशे मुलांचे दात तपासायचं काम कुणाला द्यायचं, हे बाईंच्या सहीवर ठरणार होतं. त्या कामावर दोघं नवराबायको दोन वर्षं डोळा ठेवून होते. दुसरी खुर्ची घेतली होती ती त्याच आशेवर.

"आज तोंडाला कुलूप," बायकोने बजावलं.

"अगं, एक शब्द नाही!"

आणि खरंच, डॉक्टर चार मिनिटं गप्प राहिले. हा त्यांचा विक्रम. पण तेवढ्यात भिंतीवरच्या टीव्हीवर दोन राष्ट्रप्रमुख हात मिळवताना दिसले आणि गडी घसरला.

"बाई, दोन देशांचा हा समेट म्हणजे सगळं नाटक बरं का. महिन्याभरात फिसकटतं की नाही बघा!"

बाईंनी डोळे वटारले, हात झाडले, पाय आपटले.

"दुखतंय का?"

"आँ आँ!"

"नाही ना? मग तेच तर म्हणतोय मी."

संध्याकाळी बाई मोबाइल पुढे धरूनच आत आल्या. "वाचा. मोठ्याने."

डॉक्टर वाचू लागले. "एक. खालची उजवी दाढ किडलेली, भरली. दोन. दोन्ही देशांचा समेट हे नाटक आहे. तीन. महिन्याभरात फिसकटेल, तोवर गरम-थंड टाळावे. चार." इथे त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "रुग्णाने वरील सर्व मते मान्य केली."

"मी मान्य केली?" बाई कडाडल्या. "अहो, मी सहा वर्षं या समेटाच्या बाजूने भांडतेय! घरात, शाळेत, सगळीकडे! मी नंबर मिस्टरांचा दिला होता. त्यांनी हे आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं, वर लिहिलं, 'अखेर बाईंना पटलं.' दुपारपासून लोक माझं अभिनंदन करतायत!"

डॉक्टरांना नऊशे मुलं, म्हणजे अठरा हजारांच्या वर दात, एका झटक्यात हातचे जाताना दिसले. "बाई, मी खुलासा लिहून देतो..."

"खुलासा नको. काम हवंय ना? मग बसा त्या खुर्चीत. पंधरा मिनिटं मी बोलणार."

"बोला ना, मी ऐकतो."

"ऐकाल? तुम्ही?" बाई बायकोकडे वळल्या. "कापूस!"

बायको बोळे घेऊन उभीच होती. तीन पुरतात तिथे तिने सहा कोंबले. "दात उत्तम," ती माइककडे बघत म्हणाली.

बाई बोलल्या. पार मुळापासून, तारीखवार बोलल्या. मधेच डॉक्टरांना असा बिनतोड मुद्दा सुचला, की आयुष्यात तसा सुचला नव्हता. "आँ! आँ!" ते तडफडले.

"पटतंय त्यांना," बायको म्हणाली.

सोळाव्या मिनिटाला बाईंनी प्रसन्न चेहऱ्याने सही केली आणि त्या गेल्या. डॉक्टरांच्या खिशात मोबाइल वाजला. 'दात उत्तम. रुग्णाने सर्व मते मान्य केली.' त्यांनी बोळे काढायला हात उचलला, तोच खुर्ची करकरत आणखी मागे झुकली. बायकोचा पाय पेडलवर होता.

"पडून राहा हो," ती माइक जवळ ओढत म्हणाली. "माझी बावीस वर्षांची मतं शिल्लक आहेत."