एका खोक्याचे पाच खांब

उखर्डू मिस्त्रीने एरंडोलजवळच्या आपल्याच गावी शाळेचा तिसरा खांब उभा केला, तेव्हा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला आठ दिवस उरले होते आणि पाच खांब बाकी होते. सिमेंटचे काम तेव्हा नवलाचे. लोक बैलगाडी थांबवून बघत उभे राहायचे. गेले ते दिवस. आता सिमेंटकडे कोण बघतो?

दीक्षित ओव्हरसिअरांनी नकाशात आठही खांब वेगवेगळ्या जाडीचे काढले होते. जिथे भार कमी, तिथे खांब बारीक. सिमेंटची बचत! कागदावर मोठे देखणे दिसे. पण दर खांबाला उखर्डूने सिमेंट ओतायचे फळ्यांचे खोके मोडायचे, नव्या मापाचे ठोकायचे, की तीन दिवस गेलेच.

"पाच खांबले पंधरा दिन," तो भटू गवंड्याला म्हणाला. "मंग मंजुळाले कव्हय आनू?"

मंजुळा त्याची एकुलती लेक, शिंदखेड्याला दिलेली. आखाजीला लेकी माहेरी येतात, पण माहेरचे माणूस न्यायला गेले तरच. गेल्या साली उखर्डू कामात अडकला आणि पोर वाट बघत सासरीच राहिली. ते त्याच्या जिवाला फार लागले होते. साहेबांचे मात्र एकच पालुपद: खांब झाल्याशिवाय सुट्टी नाही.

साहेब जळगावला गेले आणि उखर्डूने नकाशा गुंडाळून ठेवला. सगळ्यांत जाड खांबाचे एकच खोके ठोकले. आज एक खांब, उद्या तेच खोके उचलून दुसरा. शेवटच्या खांबाला सिमेंट सरले.

"कुंडीनं शे ना," भटू म्हणाला. पोरांच्या पाण्याच्या कुंडीसाठी ठेवलेल्या दोन गोण्याही खांबात गेल्या.

सहाव्या दिवशी साहेब आले. फूटपट्टी लावत फिरले आणि लाल झाले.

"हे पाच खांब एकाच मापाचे कसे?"

"जाडा खांबनं माप लिधं, साहेब. पडावत नहीत."

"आणि कुंडी कुठं आहे?"

"खांबमा."

"फोडा सगळे!"

चार गड्यांनी दिवसभर घण घातला. सुपारीएवढा टवका निघाला आणि दोन छिन्न्या वाकल्या. फोडायला महिना लागेल, हे साहेबांनी ओट्यावर बसून मनात मांडले, रबर मागवले आणि मुकाट्याने नकाशाच बदलला.

"एवढी घाई कशाची होती रे?"

उखर्डूने सांगितले. साहेबांनी रबर खिशात टाकले. मग म्हणाले, "आधी बोलायला काय झालं होतं? जा, पहिल्या गाडीनं जा."

दुसऱ्या दिवशी शिंदखेड्याला विहीणबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "दादा, तुमना व्याही तं सकायेच तिले तुमना गावले लिसन गयात! यंदाबी तुम्हले काम सुटाव नही, म्हनेत."

उखर्डू परत गावात पोचला तेव्हा आखाजीचा दिवस उजाडला होता. निंबाला झोका बांधलेला, आणि मंजुळा उंच झोका घेत गात होती. शाळेच्या ओट्यावर त्याचे व्याही बसले होते. साहेब खांबावर थाप मारून त्यांना सांगत होते, "एकच माप, एकच खोकं. पाच दिवसांत पाच खांब! माझीच कल्पना."

व्याह्यांनी उखर्डूकडे पाहिले. "खरं शे का, आबा?"

"साहेब म्हनतस ते खरं," झोक्यावरची नजर न काढता उखर्डू म्हणाला. "मी तं पोरले आनाले जायेल व्हतू."