चार डिस्कवाला साडू

"हेवा? छे! तो माझ्या स्वभावातच नाही," असं थोरले जावई उठता-बसता सांगत आणि सांगताना त्यांची नजर हटकून धाकट्या जावयाच्या टेबलाकडे जाई.

दोघेही सासऱ्यांच्या नकाशे छापण्याच्या कारखान्यात. थोरल्यांकडे ऑफिसचा सर्व्हर, धाकट्याकडे नकाशांचा. सासऱ्यांनी नुकतंच डिस्कचं एक भलंमोठं कपाट घेतलं होतं. त्यातून फायबरच्या वायरींनी दोघांनाही एकेक डिस्क द्यायची असं ठरलं. धाकटा दोन दिवस कपाटामागे घुसून चार वायरी जोडत बसला. थोरल्यांनी एक जोडली आणि चहाला गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटा जेवायला गेलेला. थोरल्यांनी सहज त्याच्या स्क्रीनमध्ये डोकावलं आणि ते बोटांवर मोजू लागले. एक, दोन, तीन, चार! सारख्याच मापाच्या चार डिस्क!

लगेच बायकोला फोन.

"अगं, त्याला चार! मला एक!"

"काय सांगता! बाबा असे वागतील असं वाटलं नव्हतं हो. गप्प बसू नका, आत्ता जा!"

थोरले तडक सासऱ्यांच्या केबिनमध्ये. "मामा, मला काही नको. पण न्याय हवा!"

सासरे प्रुफांत बुडालेले होते. शाळेचा नकाशासंग्रह परवा छपाईला जायचा होता. "जावईबापू, त्याच्यातली एक घ्या, पण भांडू नका!"

थोरले धाकट्याच्या खुर्चीत बसले. चौथी डिस्क निवडली. 'सगळं पुसलं जाईल. नक्की?' असं स्क्रीनने विचारलं. इतक्या आनंदाने त्यांनी लग्नालासुद्धा होकार दिला नव्हता!

चौथी कोरी झाली. मग तिसरीही कोरी दिसू लागली. दुसरीही. पहिलीही!

"मी तुला हात लावला नाही!" थोरले स्क्रीनवर ओरडले. तेवढ्यात धाकटा हात पुसत आला.

"दादा, काय केलंत?"

"चारातली एक घेतली."

"अहो, डिस्क एकच आहे! चारही ओळींत सिरीयल नंबर बघा, एकच. एका घराला चार दारं. एक वायर तुटली तर दुसरीने जाता यावं म्हणून. चारची एक दाखवणारं सॉफ्टवेअर जेवून आलो की बसवणार होतो."

थोरल्यांनी चारही नंबर बोटाने ताडून पाहिले. "म्हणजे नकाशे..."

"काल रात्रीपर्यंतची प्रत आहे." धाकटा जरा घुटमळला. "तुमच्या डिस्कवर ठेवली होती. तुमची जवळजवळ रिकामीच आहे ना."

थोरल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नकाशे परत आले, आजचं काम तेवढं गेलं. ते पुन्हा करायला सगळे कामाला लागले, सासरेही, आणि सॉफ्टवेअर बसवायचं राहूनच गेलं. संध्याकाळी धाकट्याने आपणहून थोरल्यांच्या सर्व्हरला आणखी तीन वायरी जोडून दिल्या. स्क्रीनवर चार डिस्क उमटल्या. एकच आहे हे ठाऊक असूनही थोरल्यांची छाती फुगली. त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं, आता आपल्याकडेही चार!"



"आत्ताच धाकटीचा फोन होता. आजच्या गोंधळानंतर बाबांनी भावजींना प्रतीसाठी आणखी एक डिस्क दिली म्हणे." तिचा आवाज पडला. "त्यांच्याकडे आता आठ दिसतात हो!"